सहा की बारा? एका श्वासाच्या मापाचं प्रकरण

रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं की पहिल्या काही मिनिटांतच यंत्राला आकडे सांगावे लागतात. मिनिटाला किती श्वास द्यायचे, हवेत ऑक्सिजन किती टक्के ठेवायचा, श्वास बाहेर पडल्यावरही छातीत किती दाब राखायचा आणि एका श्वासात किती मिलिलिटर हवा आत सोडायची. या शेवटच्या आकड्याला आयसीयूत ‘टायडल व्हॉल्यूम’ किंवा नुसतं ‘टायडल’ म्हणतात. हे प्रकरण त्या एका आकड्याचं आहे. फुप्फुसं गंभीर आजारी असताना तो दर किलो वजनामागे १२ मिलिलिटर असावा की ६, हे शोधायला अमेरिकेतल्या १० विद्यापीठ केंद्रांनी मार्च १९९६ ते मार्च १९९९ अशी तीन वर्षं रुग्ण घेतले.

उत्तर मिळालं. त्यासाठी नवं औषध लागत नव्हतं, नवं यंत्र लागत नव्हतं, जास्तीचा पैसाही लागत नव्हता. तरी ते उत्तर रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचायला इतका वेळ का लागला, हा या प्रकरणाचा दुसरा भाग, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा.

आजार कोणता

१९६७ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या अ‍ॅशबॉ, बिगेलो, पेटी आणि लेव्हिन या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये १२ रुग्णांची हकिकत छापली. कुणाचा अपघात झाला होता, कुणाला विषाणूसंसर्ग, एकाच्या स्वादुपिंडाला सूज. आजार वेगवेगळे, पण सगळे येऊन एकाच ठिकाणी थांबले होते. एक्सरेत दोन्ही फुप्फुसं पांढरी, ऑक्सिजन कितीही दिला तरी रक्तात चढेना, छाती फुगवायला प्रचंड जोर लागतोय. त्यांतले ७ जण दगावले. याच अवस्थेला पुढे एआरडीएस (अ‍ॅक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम) हे नाव पडलं.

आपल्याकडच्या आयसीयूत हा आजार अनोळखी नाही. पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण येतात. २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची जी लाट आली, तिच्यात फुप्फुसात रक्तस्राव होऊन रुग्ण व्हेंटिलेटरवर गेले. डेंगी, मलेरिया, साधा न्यूमोनिया, पोटातला पू, बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग, दारूमुळे सुजलेलं स्वादुपिंड, यांपैकी काहीही निमित्त पुरतं. २०२० आणि २०२१ मध्ये तर हे सारं महाराष्ट्रातल्या घराघरात कळलं, फक्त नाव वेगळं होतं.

आत काय घडतं ते असं. फुप्फुसातल्या बारीक वायुकोशांच्या भिंतीला रक्तवाहिन्यांचं जाळं चिकटलेलं असतं. दाहामुळे ही भिंत झिरपू लागते आणि प्रथिनांनी भरलेलं पाणी वायुकोशांत उतरतं. वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांच्या आतल्या बाजूला जो स्निग्ध थर असतो, तोही निकामी होतो. मग काही वायुकोश पाण्यानं भरतात, काही मिटून जातात, आणि मोजके उघडे राहतात. मिटलेल्या भागातून रक्त जातं, पण ऑक्सिजन न घेताच परत येतं.

मोठ्या श्वासाची सवय

निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना दर किलोमागे साधारण ७-८ मिलिलिटर हवा आत घेतो. तरी व्हेंटिलेटरवर १० ते १५ मिलिलिटर देण्याची रीत कित्येक दशकं चालली. त्यामागे भूलशास्त्राचा अनुभव होता. भूल दिलेल्या रुग्णाला लहान, एकसारखे श्वास देत राहिलं तर फुप्फुसाचे काही भाग मिटतात आणि रक्तातला ऑक्सिजन घसरतो. मोठा श्वास दिला की तो वर येतो. काही तासांच्या शस्त्रक्रियेपुरतं हे खरं होतं. तीच सवय आयसीयूत आली आणि तिथे ती दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे चालली. एआरडीएसच्या रुग्णाचा ऑक्सिजन तर आधीच खालावलेला. अशा वेळी मोठा श्वास द्यावा, आकडा सुधारतो, कार्बन डायऑक्साइडही उतरतो, हे रोज डोळ्यांना दिसत होतं. दिसणाऱ्या गोष्टीवर शंका घेणं कुणालाही कठीणच जातं.

शंका आली ती उंदरांवरच्या प्रयोगांतून. १९७४ मध्ये वेब आणि टियर्नी यांनी उंदरांना व्हेंटिलेटरवर वेगवेगळ्या दाबानं हवा दिली. ४५ सेंटिमीटर पाण्याइतका दाब, आणि श्वास सोडल्यावर शून्य दाब, असं ठेवलेल्या उंदरांची धडधाकट फुप्फुसं तासाभराच्या आत पाण्यानं भरली आणि ते मेले. म्हणजे आजार नसताना केवळ यंत्रानं आजारासारखंच चित्र उभं केलं. पुढे १९८८ मध्ये पॅरिसमध्ये द्रेफ्यूस आणि सहकाऱ्यांनी एक फार सुंदर प्रयोग केला. काही उंदरांच्या छातीभोवती पट्टा आवळून दाब तेवढाच ठेवला, पण छाती फुगू दिली नाही. त्यांची फुप्फुसं वाचली. दुसऱ्या गटात छातीबाहेरून ओढ देऊन, म्हणजे आत दाब न देता, फुप्फुसं खूप फुगवली. ती पाण्यानं भरली. इजा करतो तो ताण, नळीतला दाब हे त्याचं फक्त एक कारण, हे यातून स्पष्ट झालं.

मग इटलीत मिलानच्या गॅटिनोनी यांनी एआरडीएसच्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढायला सुरुवात केली. साध्या एक्सरेवर सगळं फुप्फुस एकसारखं बिघडलेलं वाटायचं. स्कॅनमध्ये दिसलं की पाठीकडचा, खालचा भाग घट्ट मिटलेला आहे आणि पुढचा थोडा भाग जवळजवळ निरोगी आहे. हवा खेळणारं हे उरलेलं फुप्फुस पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढं भरलं. त्यांनी त्याला ‘बेबी लंग’ म्हटलं. आता विचार करा. सत्तर किलोच्या माणसाला ८०० मिलिलिटरचा श्वास दिला, तर तो जातो कुठे? मिटलेल्या भागात तो शिरत नाही. सगळा त्या लहानशा भागात जातो. घरातली बाकी माणसं आजारी पडल्यावर उरलेल्या दोघांवर सगळ्या घराचं काम पडावं आणि तेही आजारी पडावेत, असा हा प्रकार.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या हिकलिंग यांनी १९९० मध्ये आपल्या ५० रुग्णांना लहान श्वास देऊन, कार्बन डायऑक्साइड वाढला तरी चालेल अशी भूमिका घेतली, आणि अंदाजापेक्षा कमी रुग्ण दगावले. पण तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता.

चार लहान चाचण्या आणि एक गोंधळ

१९९८ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या अमातो यांच्या चाचणीचा निकाल आला. ५३ रुग्ण होते. लहान श्वासाच्या गटात २८ दिवसांत ३८ टक्के मृत्यू, नेहमीच्या गटात ७१ टक्के. इतका मोठा फरक की विश्वास बसू नये. त्याच सुमारास कॅनडातली १२० रुग्णांची, युरोपातली ११६ रुग्णांची आणि अमेरिकेतल्या बाल्टिमोरची ५२ रुग्णांची, अशा तीन चाचण्यांनी सांगितलं की काहीच फरक पडत नाही.

आयसीयूत काम करणाऱ्या डॉक्टरनं यातून काय घ्यायचं? प्रामाणिक उत्तर एवढंच होतं की कळत नाही. ब्राझीलच्या चाचणीत श्वास लहान करण्याबरोबर इतरही गोष्टी बदलल्या होत्या, त्यामुळे श्रेय नेमकं कुणाचं ते ठरत नव्हतं. उरलेल्या तीन चाचण्यांत दोन गटांच्या श्वासांतलं अंतरच कमी होतं आणि रुग्णही थोडे. फरक नाही असं सिद्ध होणं आणि फरक दिसेल इतकी चाचणी मोठी नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे वर्तमानपत्रांत आणि कधी कधी वैद्यकीय परिषदांतही हे दोन्ही एकच समजलं जातं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

चाचणीची मांडणी

अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेनं १९९४ मध्ये एआरडीएस नेटवर्क उभं केलं होतं. या आजारावर एकेका रुग्णालयात कधीच पुरेसे रुग्ण जमत नाहीत, म्हणून अनेक केंद्रांनी एकाच नियमावलीनं काम करायचं, ही त्यामागची कल्पना. श्वासाच्या मापाची ही चाचणी त्याच जाळ्यात झाली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सचे रॉय ब्रोवर तिचे प्रमुख लेखक. विशेष म्हणजे आधीच्या ‘फरक नाही’ म्हणणाऱ्या तीन चाचण्यांपैकी बाल्टिमोरची चाचणी याच ब्रोवर यांची होती. आपल्याच हाती आलेल्या निकालावर न थांबता तोच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुन्हा विचारायला मन मोकळं असावं लागतं.

नियम काटेकोर होते. आजाराची लक्षणं पुरी झाल्यापासून ३६ तासांच्या आत रुग्ण घ्यायचा. मेंदूतला दाब वाढलेले रुग्ण घ्यायचे नाहीत, कारण कार्बन डायऑक्साइड चढला तर त्यांना थेट धोका. कोणता रुग्ण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं यादृच्छिक ठरायचं. एका गटाला १२ मिलिलिटरपासून सुरुवात, आणि ‘प्लेटो’ दाब ५० सेंटिमीटर पाण्याच्या वर गेला तरच कमी करायचं. दुसऱ्या गटाला ६ मिलिलिटर, आणि प्लेटो ३० च्या वर गेला तर ५ वर, गरज पडल्यास ४ वर उतरायचं. प्लेटो म्हणजे श्वास आत गेल्यावर यंत्र अर्धा सेकंद थांबवून मोजलेला दाब. तो वायुकोशांवरच्या दाबाच्या सगळ्यांत जवळ जातो. लहान श्वासाची भरपाई म्हणून मिनिटाला ३५ पर्यंत श्वास देण्याची मुभा होती.

दोन बारकावे इथे नीट पाहायला हवेत.

पहिला, वजनाचा. इथलं वजन काट्यावरचं नाही. फुप्फुसाचा आकार उंची आणि लिंग यांवर ठरतो. पोट सुटलं म्हणून फुप्फुस वाढत नाही, आणि आयसीयूत सलाइन चढून अंगावर सूज आली म्हणूनही नाही. म्हणून उंचीवरून वजन काढायचं. पुरुषासाठी सेंटिमीटरमधल्या उंचीतून १५२.४ वजा करायचे, येईल त्याला ०.९१ नं गुणायचं आणि ५० मिळवायचे. बाईसाठी सगळं तेच, फक्त ५० च्या जागी ४५.५. चाचणीतल्या रुग्णांचं काट्यावरचं वजन या हिशेबी वजनापेक्षा सरासरी २० टक्क्यांनी जास्त होतं.

दुसरा, ऑक्सिजनचा. दोन्ही गटांत सॅच्युरेशनचं लक्ष्य ८८ ते ९५ टक्के होतं. कोविडच्या दिवसांत ९० दिसलं की आपण सगळे किती घाबरायचो हे ज्यांना आठवतं, त्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. यंत्रावर असलेल्या, सतत देखरेखीखालच्या रुग्णात ९९ गाठण्यासाठी फुप्फुस ताणू नये, हे नियमावलीत आधीच लिहिलेलं होतं. घरी बसलेल्या माणसाला मात्र तो लागू नाही, हेही इथेच सांगायला हवं.

निकाल

१००० रुग्ण घ्यायचे ठरलं होतं. चाचणी चालू असताना स्वतंत्र मंडळ अधूनमधून आकडे तपासत होतं. ८६१ रुग्ण झाल्यावर या मंडळानं चाचणी थांबवायला सांगितलं, कारण फरक इतका स्पष्ट होता की पुढच्या रुग्णांना मोठ्या श्वासाच्या गटात टाकणं बरोबर ठरलं नसतं. मे २००० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निबंध आला. लहान श्वासाच्या ४३२ रुग्णांत ३१.० टक्के मृत्यू, मोठ्या श्वासाच्या ४२९ रुग्णांत ३९.८ टक्के. दर ११-१२ रुग्णांमागे एक जीव जास्त वाचला. अतिदक्षता विभागात अशी किमया करणारी औषधं शोधू म्हटलं तरी फारशी सापडत नाहीत. याच जाळ्यात त्याच काळात दोन औषधांचीही परीक्षा झाली होती, केटोकोनाझोल आणि लिसोफायलिन. दोन्ही निष्फळ ठरली.

पण मृत्यूचा आकडा बाजूला ठेवून बाकीचे आकडे पाहिले की हे प्रकरण खरं उलगडतं. पहिल्या दिवशी रक्तातल्या ऑक्सिजनचा निर्देशांक, म्हणजे धमनीतला ऑक्सिजन भागिले दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण, मोठ्या श्वासाच्या गटात सरासरी १७६ होता आणि लहान श्वासाच्या गटात १५८. जास्त असेल तितका चांगला. तिसऱ्या दिवशीही मोठा श्वासच पुढे. म्हणजे त्या तीन दिवसांत फेरी मारणाऱ्या डॉक्टरला, रात्रपाळीच्या सिस्टरला, काचेपलीकडून पाहणाऱ्या मुलाला, सगळ्यांना १२ मिलिलिटरचा रुग्ण बरा वाटला असता. ६ मिलिलिटरचा रुग्ण मागे पडतोय असंच वाटलं असतं. आणि शेवटी घरी जास्त जण गेले ते या दुसऱ्या गटातले.

आणखी एक गोष्ट. मोठ्या श्वासानं इजा होते का, हे त्या काळी डॉक्टर एका खुणेवरून ओळखायचे: फुप्फुस फाटून छातीत हवा साठली का. चाचणीत ही गुंतागुंत दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच निघाली, दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास. ज्या खुणेवर भरवसा ठेवून आपण सुरक्षित आहोत असं मानलं जायचं, ती खूणच मुकी होती. डोळ्यांना दिसेल अशी इजा न होताही रुग्ण मरत होते.

मग ते मरत कशानं होते? एआरडीएसचा रुग्ण ऑक्सिजन अगदीच मिळेना म्हणून क्वचित जातो. बहुतेक जण जातात ते मूत्रपिंड, यकृत, रक्ताभिसरण असा एकेक अवयव बंद पडत गेल्यानं. टोरोंटोच्या ट्रेम्बले आणि स्लट्स्की यांनी १९९७ मध्ये उंदरांच्या फुप्फुसांवर दाखवलं होतं की ताणलेलं फुप्फुस दाह पेटवणारी रसायनं सोडतं. या चाचणीत त्याला जोड मिळाली. लहान श्वासाच्या गटात इंटरल्युकिन-६ हे दाहाचं रसायन रक्तात जास्त वेगानं उतरलं आणि फुप्फुसाबाहेरचे अवयव निकामी न होता गेलेले दिवसही जास्त भरले. ताणलेल्या फुप्फुसातली आग रक्तावाटे सगळ्या शरीरात जाते, हा आजवरचा सगळ्यांत पटणारा अर्थ आहे.

म्हणून मला ही चाचणी इतकी मोलाची वाटते. अनुभवानं हे सत्य कधीच सापडलं नसतं. डॉक्टर कितीही कुशल असो, तो एका वेळी एकच रुग्ण पाहतो आणि त्या रुग्णाचे तासातासाचे आकडे पाहतो. त्या आकड्यांनी त्याला उलटीच वाट दाखवली असती. शंभरातले नऊ जास्त गेले हे खाटेशेजारी उभं राहून कळत नाही.

वाद

निकालानंतर सगळे एका सुरात बोलले असं झालं नाही. २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्याच आयकॅकर, नॅटनसन आणि सहकाऱ्यांनी पाचही चाचण्या एकत्र मांडून आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं असं की त्या काळी बहुतेक डॉक्टर मधलं माप वापरत होते. चाचणीतला १२ चा गट त्याहून जास्त ताणलेला होता. मग ६ नं जीव वाचवले, की १२ नं घेतले? आणि मधल्या मापाचा तिसरा गट का नव्हता?

हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नव्हता. नातेवाइकांनी संमती दिली ती आपल्या माणसाला नेहमीच्याच दोन पद्धतींपैकी एक मिळेल असं समजून. रुग्ण स्वतः गुंगीत, बोलू न शकणारा. अशा माणसाच्या वतीनं सही करणाऱ्याला आजची चालू पद्धत नेमकी कोणती हे कळायलाच हवं. संशोधनात भाग घेणाऱ्या माणसांच्या संरक्षणासाठी असलेल्या अमेरिकेच्या सरकारी कार्यालयानं चौकशी सुरू केली. नेटवर्कची पुढची चाचणी, सलाइन किती द्यावं याची, २००२ मध्ये थांबवण्यात आली आणि तज्ज्ञांच्या परीक्षणानंतर २००३ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुढे १००० रुग्ण पूर्ण करून २००६ मध्ये तिचा निकालही आला: हात आखडून सलाइन दिलं तर मृत्यू कमी झाले नाहीत, पण रुग्ण व्हेंटिलेटरवरून लवकर सुटले.

श्वासाच्या चाचणीच्या बाजूनंही उत्तर होतं. हिशेबी वजनाचे १२ म्हणजे काट्यावरच्या वजनाचे साधारण १०, आणि ते त्या काळच्या प्रथेत बसत होतं. माझं मत विचाराल तर, पद्धतीचा प्रश्न आक्षेप घेणाऱ्यांनी योग्य विचारला आणि नेटवर्कला त्याचा फायदाच झाला. पण पुढच्या वर्षांत जे पुरावे साठले, ते सगळे एकाच दिशेला गेले. आज कुणी जाणकार १२ कडे परत जा म्हणत नाही. प्रश्न मात्र सहालाही विचारला जातो. अमातो यांनी २०१५ मध्ये आधीच्या नऊ चाचण्यांतले ३,५६२ रुग्ण एकत्र तपासून दाखवलं की श्वासाच्या आकारापेक्षा प्लेटो आणि श्वासाअखेरचा दाब यांतला फरक मृत्यूशी जास्त जोडलेला आहे. उरलेल्या ‘बेबी लंग’च्या मानानं श्वास मोजावा, असा त्याचा मथितार्थ. रुग्णाला पालथं झोपवण्याचा फायदाही फ्रान्सच्या गेरँ यांच्या २०१३ च्या चाचणीत ठळक दिसला, ४६६ रुग्णांत २८ दिवसांचे मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ वर. त्या चाचणीत दोन्ही गटांना श्वास लहानच दिला होता. तो आता पायाच झाला होता.

खाटेपर्यंतचा रस्ता

पाया झाला, पण कागदावर. बाल्टिमोरच्या ४८५ रुग्णांचा पाठपुरावा २०१२ मध्ये ‘बीएमजे’त छापून आला. निकालाचं ते माहेरघरच. तिथेही तपासलेल्या व्हेंटिलेटरच्या नोंदींपैकी फक्त ४१ टक्के नोंदी नियमाप्रमाणे होत्या आणि ३७ टक्के रुग्णांना लहान श्वास एकदाही मिळाला नव्हता. ज्यांना तो जास्त काळ मिळाला, ते दोन वर्षांनंतरही जास्त संख्येनं जिवंत होते.

‘लंग सेफ’ हा अभ्यास २०१६ मध्ये आला, ५० देशांतल्या ४५९ आयसीयूंचा. त्यात तीन हजारांवर एआरडीएसचे रुग्ण होते. डॉक्टरांनी आजार ओळखला तो ६० टक्क्यांत. प्लेटो दाब मोजला गेला तो ४० टक्क्यांत. ८ मिलिलिटर किंवा त्याहून कमी श्वास मिळाला तो दोन तृतीयांशांहून कमी रुग्णांना. आणि तीव्र आजाराच्या रुग्णांत ४६ टक्के मृत्यू.

कारणं शोधायला काही संशोधकांनी थेट नेटवर्कच्याच रुग्णालयांतल्या अनुभवी परिचारिकांना आणि श्वसनतंत्रज्ञांना विचारलं. त्यांची उत्तरं साधी होती. डॉक्टर रोगाला एआरडीएस म्हणतच नाहीत. यंत्रावरचा ताबा नियमावलीच्या हाती द्यायला तयार होत नाहीत. कार्बन डायऑक्साइड वाढलेला पाहवत नाही. लहान श्वासानं रुग्ण अस्वस्थ दिसतो. या सगळ्यांच्या मुळाशी तेच आहे जे पहिल्या तीन दिवसांच्या आकड्यांत दिसलं होतं: योग्य उपचार सुरुवातीला चुकीचा वाटतो.

आणि मग उंची. या प्रकरणातला मला सगळ्यांत अस्वस्थ करणारा भाग हाच. आपल्याकडे बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास. १५० सेंटिमीटर उंचीची, काट्यावर ७० किलो भरणारी एखादी बाई डेंगीनंतर व्हेंटिलेटरवर गेली असं धरा. सूत्रानं तिचं हिशेबी वजन येतं ४३.३ किलो. सहानं गुणलं की २६० मिलिलिटर. आता कुणी काट्यावरच्या वजनानं सहाचा हिशेब केला तर तिला ४२० मिलिलिटर मिळतील, म्हणजे किलोमागे जवळजवळ १०. आणि कुणी मोठ्या माणसाला सरसकट ५०० लावतात म्हणून तेवढे लावले, तर किलोमागे साडेअकरा. त्या चाचणीतल्या हरलेल्या गटाला प्रत्यक्षात सरासरी ११.८ मिळत होते. कुणी निष्काळजीपणानं वागलेलं नसताना, चांगल्या हेतूनं, ती बाई १९९६ च्या चुकीच्या गटात जाऊन पडते. तिच्या शेजारच्या सहा फुटी पुरुषाला तेच ५०० किलोमागे सहा-साडेसहा पडतात. ‘लंग सेफ’च्या आकड्यांत हे खरोखर दिसलं: बायकांना संरक्षक लहान श्वास पुरुषांपेक्षा कमी वेळा मिळाला, आणि उंची हे त्यामागचं मोठं कारण निघालं. जिथे बायका ठेंगण्या, तिथे हा धोका जास्त. आपण त्याच प्रदेशात राहतो.

यावर करायचं काय ते अगदी हाताशी आहे. शिंप्याकडची टेप आयसीयूत टांगून ठेवता येते. रुग्ण आडवा असला तरी डोक्यापासून टाचेपर्यंत मोजता येतं. पाय आखडलेले असतील, पाठीला बाक असेल, तर कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाची लांबी मोजून तक्त्यावरून उंची काढता येते. आलेली उंची आणि तिच्यावरून निघालेले ६ चे मिलिलिटर केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहिता येतात, म्हणजे रात्री दोनला पाळी बदलली तरी नव्या डॉक्टरला पुन्हा हिशेब मांडावा लागत नाही. अर्ध्या सेकंदाचा विराम देऊन प्लेटो दर पाळीला नोंदवता येतो. तालुक्याच्या गावातल्या आठ खाटांच्या आयसीयूतही एवढं सगळं जमतं, आणि बाहेर बसलेल्या घरच्यांना कुणी पेशंटची उंची विचारली तर त्यांनी ती नीट आठवून सांगावी. औषधाच्या डोसइतकीच ती आता कामाची आहे.